नारळाची जातिवंत रोपे: मातृवृक्षापासून लागवडीच्या खड्ड्यापर्यंत

उंच जातीच्या माडाला पहिली पोय (फुलोरा) दिसायला साधारण सहा-सात वर्षे लागतात. उत्पन्न स्थिरावायला आणखी काही वर्षे जातात. रोप निकृष्ट होते हे कळेपर्यंत खड्डा, शेणखत, पाणी, राखण असे सगळे खर्ची पडलेले असते. आंब्याचे झाड वाईट निघाले तर त्यावर नव्या जातीचे कलम बांधून ते सुधारता येते. माडाला ती वाट बंद आहे. त्याला एकच शेंडा असतो, फांद्या नसतात आणि एकदल असल्यामुळे कलम जुळवून घेणारा थर त्याच्या खोडात नसतो. चुकीचे रोप लावले तर ते तोडायचे किंवा पन्नास-साठ वर्षे सांभाळायचे, एवढेच हाती उरते.

म्हणून नारळात निवड जी काही करायची ती लागवडीच्या आधी आणि तीन वेळा करायची: आधी माड निवडायचा, मग त्याचा नारळ आणि शेवटी वाफ्यातले रोप. या तिन्ही ठिकाणी पुरेशी कठोर निवड केली, तर पुढे खतपाण्यावर केलेला खर्च कारणी लागतो. माझ्या मते तिसरी निवड सर्वांत मोलाची आहे आणि नेमका तिथेच बहुतेकांचा हात आखडतो. उगवलेले रोप उपटून टाकायला जीव होत नाही.

मातृवृक्ष ओळखणे

बियाण्यासाठी माड निवडताना फक्त आजचा घड पाहू नये. उंच जातीचे निरोगी झाड वर्षाला साधारण बारा झावळ्या टाकते आणि प्रत्येक झावळीच्या बगलेतून एक पोय निघते. त्यामुळे शेंडा खालून वर नीट पाहिला, तर गेल्या वर्षाचा हिशेबच समोर दिसतो. खाली पक्व नारळांची पेंड (घड), तिच्या वर थोडी कोवळी, मग शहाळी, मग बोंड्या (नुकती धरलेली फळे) आणि सर्वांत वर नुकती उघडलेली पोय. या क्रमात मधेच एखादी बगल रिकामी दिसली किंवा पेंडीत दोन-तीनच फळे लटकत असली, तर ते झाड नियमित नाही असे समजावे.

तरीही एका वर्षाच्या पाहणीवर निर्णय घेऊ नये. पोयीचा अंकुर शेंड्यात तयार होतो तो ती उघडण्याच्या सुमारे ३२ महिने आधी. पोय उघडल्यापासून नारळ पक्व व्हायला आणखी अकरा-बारा महिने लागतात. आज उतरवलेल्या नारळाची सुरुवात जवळपास पावणेचार वर्षांपूर्वी झालेली असते. तेव्हाचा दुष्काळ किंवा तेव्हा घातलेले खत आजच्या पेंडीत दिसते. म्हणून निवडलेल्या झाडांवर रंगाने क्रमांक टाकून सलग तीन-चार वर्षे उताऱ्याची नोंद ठेवावी आणि मगच बियाण्याचा निर्णय घ्यावा.

आणखी एक फसगत टाळायला हवी. गोठ्याजवळचा, खताच्या खड्ड्याजवळचा किंवा सांडपाण्यावर वाढलेला माड भरघोस लागतो. ते त्याच्या जागेचे यश असते आणि जागा काही बियाण्यातून पुढे जात नाही. निवड करायची ती बागेच्या मधल्या ओळीतल्या झाडाची. शेजाऱ्यांइतकेच खत, तेवढेच पाणी मिळूनही जो माड दरवर्षी शेजाऱ्यांपेक्षा जास्त देतो, तो खरा मातृवृक्ष.

उंच जातीसाठी वय २५ ते ६० वर्षांच्या दरम्यान असावे. कोरडवाहू बागेत वर्षाला किमान ८०, तर पाण्याखालच्या बागेत किमान १२० नारळ देणारे झाड घ्यावे. शेंड्यावर तीस-पस्तीसच्या वर उघडलेल्या झावळ्या असाव्यात आणि झावळीचा देठ आखूड व रुंद असावा. पेंडीचा दांडा जाड, आखूड आणि खालच्या झावळीवर टेकलेला हवा. लांब, बारीक दांड्याच्या पेंडी वजनाने वाकतात आणि नारळ पक्व होण्याआधीच मोडतात. फळ मध्यम आकाराचे असलेले बरे, कारण फार मोठे नारळ देणारी झाडे संख्येने कमी देतात. सोललेला नारळ ६०० ग्रॅमपेक्षा जास्त भरावा आणि एका नारळातून १५० ग्रॅमच्या आसपास तरी सुके खोबरे निघावे. वांझ नारळ देणारी, बोंड्या फार गाळणारी किंवा एक वर्षाआड लागणारी झाडे यादीतून काढून टाकावीत. रोगट झाडाचा विचारही करू नये.

आईइतकाच बापही पाहावा लागतो. उंच जातीत एकाच पोयीतली नरफुले आधी उमलतात आणि ती संपल्यावर मादीफुले तयार होतात. त्यामुळे पराग बहुधा दुसऱ्या झाडावरून येतो. एकटा उत्तम माड सुमार झाडांच्या गर्दीत उभा असेल, तर त्याच्या नारळात निम्मा वाटा त्या सुमार झाडांचा असण्याची शक्यता मोठी आहे. चांगल्या बागेतले चांगले माड निवडावेत ते याचसाठी. ठेंगू जातींत नर आणि मादी फुलांचा काळ एकमेकांवर येतो, स्वपरागीकरण बरेच होते आणि रोपे आईसारखीच निघतात.

संकरित माडाचे नारळ मात्र बियाण्याला वापरू नयेत. उंच आणि ठेंगू जातींचा संकर केरळमधील निलेश्वर येथे १९३०च्या दशकात करून पाहिला गेला आणि त्याच्या पहिल्या पिढीचा जोम सगळ्यांना दिसला. तो जोम पहिल्या पिढीपुरता असतो. पुढच्या पिढीत गुण फुटतात आणि एकाच झाडाच्या नारळांतून दहा तऱ्हेची रोपे निघतात.

बियाणे नारळ उतरवणे आणि ठेवणे

नारळ पूर्ण पक्व म्हणजे अकरा-बारा महिन्यांचा हवा. हलवल्यावर आत पाणी वाजले पाहिजे. पाणी वाजत नसेल, तर नारळ कोवळा तरी आहे किंवा आटलेला तरी. जमीन कठीण असेल किंवा झाड उंच असेल तर पेंड दोरीने खाली सोडावी. वरून आपटलेल्या नारळाची करवंटी आतून तडकते, बाहेरून काही दिसत नाही आणि वाफ्यात तो कुजतो.

उंच जातीचा नारळ उतरवल्या उतरवल्या पेरायचा नसतो. सावलीत, जमिनीवर सुमारे ८ सेंटिमीटर वाळूचा थर देऊन त्यावर देठाची बाजू वर ठेवून नारळ उभे मांडावेत आणि वरून वाळू पसरावी. दीड-दोन महिन्यांत सोडण (नारळाची वरची तंतुमय साल) वाळते, पण आतले पाणी टिकून राहते. ठेंगू जातीला एवढी उसंत नसते. तिचे नारळ दहा-पंधरा दिवसांत पेरले नाहीत, तर उगवण झपाट्याने घटते. दोन्ही जातींचे नारळ एकाच ढिगात ठेवू नयेत.

पेरणीच्या दिवशी प्रत्येक नारळ हातात घेऊन पुन्हा हलवून पाहावा. पाणी आटलेले, वास येणारे, भेगाळलेले आणि आकाराने वेडेवाकडे नारळ बाजूला काढावेत. या कामाला घाई करू नये.

वाफा

जागा निचऱ्याची, हलक्या मातीची, पाण्याजवळची आणि विरळ सावलीची असावी. गर्द सावलीतली रोपे उंच व लुसलुशीत होतात आणि बुंध्यात पोसत नाहीत. ती दिसायला छान, पण लावल्यावर उन्हात मान टाकतात. उघड्यावर वाफा करायचा असेल तर उन्हाळ्यापुरते सावलीचे जाळे किंवा झावळ्यांचा मांडव पुरतो.

वाफा एक ते दीड मीटर रुंद आणि पंधरा-वीस सेंटिमीटर उंच करावा. दोन वाफ्यांमध्ये पाऊण मीटरचा पाट सोडावा. त्यातून पाणीही निघते आणि बसून काम करायला जागा मिळते. वाफ्याच्या रुंदीत चार-पाच ओळीच घ्याव्यात. जास्त घेतल्या तर मधल्या ओळीतल्या रोपापर्यंत हात पोचत नाही आणि तिथली निवड कधीच नीट होत नाही. नारळांमधले अंतर ३० ते ४० सेंटिमीटर ठेवावे. रोप वर्षापेक्षा जास्त काळ वाफ्यात राहणार असेल, तर ४० सेंटिमीटरपेक्षा कमी नको. दाटीत वाढलेल्या रोपांचा बुंधा बारीक राहतो आणि मग ती जातीने बारीक की जागेअभावी बारीक, हे ओळखता येत नाही.

नारळ उभा लावावा की आडवा, हा जुना वाद आहे. उभा लावलेला नारळ कमी जागा घेतो आणि त्याचे रोप काढताना, नेताना कोंब नारळापासून सुटत नाही. आडवा लावलेल्या नारळात पाणी डोळ्याच्या बाजूला राहते, गर्भ ओला राहतो आणि उगवण थोडी लवकर होते. साठवणीत पाणी बरेच कमी झालेले असेल तर आडवा लावावा. आडवा लावताना नारळाच्या तीन कडांपैकी सर्वांत रुंद बाजू वर ठेवावी. पाणी भरपूर असेल आणि रोपे लांब न्यायची असतील, तर मी उभ्या पद्धतीच्या बाजूने आहे.

वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल चर काढून नारळ मांडावेत आणि माथा जेमतेम दिसेल इतकी माती किंवा वाळू भरावी. वाळवीचा त्रास असलेल्या जमिनीत चराच्या तळाशी आणि नारळाभोवती वाळूचा थर द्यावा. वाळवी कोरड्या सोडणातून शिरते आणि कोंब बाहेर यायच्या आतच खाऊन टाकते. ओल टिकवली तर तिचा उपद्रव बराच कमी होतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक वाफ्याला पाटी हवी. तिच्यावर मातृवृक्षाचा क्रमांक, नारळ उतरवल्याची तारीख आणि पेरणीची तारीख लिहिलेली असावी. एका झाडाचे नारळ एका ओळीत लावले, तर काही महिन्यांत मातृवृक्षाचीही परीक्षा होते. एखाद्या भरघोस माडाची संपूर्ण ओळ उशिरा आणि खुरटी उगवली, तर तो माड बियाण्याच्या यादीतून काढायचा.

नारळाच्या आत काय चाललेले असते

करवंटीच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो. त्याच्या मागे खोबऱ्यात वाटाण्यापेक्षाही लहान गर्भ बसलेला असतो. तो जागा झाला की एक टोक डोळ्यातून बाहेर पडते आणि दुसरे आत वाढून पांढऱ्या, स्पंजासारख्या गोळ्याचे रूप घेते. हा गोळा हळूहळू सगळी पोकळी भरतो आणि पाणी व खोबरे विरघळवून कोंबाला पुरवतो. बाहेरच्या टोकाला मात्र आधी जाड सोडण फोडून वर यायचे असते. मुळेही बरेच दिवस सोडणातच फिरत असतात. म्हणून आपल्याला कोंब दिसतो तेव्हा रोप कित्येक आठवड्यांचे झालेले असते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की पहिले काही महिने रोप मुख्यतः खोबऱ्यावर जगते. कमी खोबऱ्याच्या नारळातून पोसलेले रोप निघणे अवघड आहे. या काळात रासायनिक खते ओतून फारसे साधत नाही. त्याला हवी असते सततची ओल आणि मोकळी हवा.

पाणी, तण आणि किडी

कोरड्या दिवसांत एक दिवसाआड पाणी द्यावे. वाफ्यातली माती मुठीत दाबून पाहावी. गोळा झाला आणि बोटांना पाणी लागले नाही, तर ओल बरोबर आहे. पाणी साचले की डोळ्यातून कुज आत जाते. तण हाताने काढावे, कारण कुदळीचा घाव सोडणातल्या मुळांवर बसतो.

पानांच्या खालच्या बाजूला पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि पांढरी माशी बसते. आठवड्यातून एकदा काही पाने उलटून पाहिली तर प्रादुर्भाव सुरुवातीलाच सापडतो आणि जोराच्या पाण्याने धुऊन किंवा निंबोळी अर्काच्या फवारणीने आटोक्यात येतो. गेंड्या भुंगा रोपाचा कोवळा कोंब पोखरतो. त्याच्या अळ्या शेणखताच्या ढिगात वाढतात, म्हणून खताचा खड्डा रोपवाटिकेपासून दूर असावा.

पावसाळ्यात दोन रोग बघायला हवेत. पानांवर तपकिरी कडांचे राखाडी ठिपके येणारा करपा बहुधा पालाश कमी पडलेल्या किंवा दाटीतल्या रोपांवर दिसतो. दुसरा घातक आहे. मधले सर्वांत कोवळे पान पिवळसर पडते, ओढल्यावर सहज हातात येते आणि बुडाशी कुजका वास असतो. हा कोंब कुजण्याचा रोग. असे रोप लगेच उपटून जाळावे आणि आजूबाजूच्या रोपांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे.

मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना ५० लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवावा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्यावीत. मग ढवळत ढवळत मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतावे. तयार मिश्रणात लोखंडी खिळा किंवा पाते थोडा वेळ बुडवावे. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे आणि पाने करपतील. थर येईनासा होईपर्यंत चुना वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

खरी निवड: वाफ्यातली छाटणी

उंच जातीची उगवण पेरणीनंतर साधारण ६० ते १३० दिवसांत होते, ठेंगू जातीची ३० ते ९५ दिवसांत. दर आठवड्याला वाफ्यावर फिरून नव्या कोंबांना त्या महिन्याच्या रंगाची खूण करावी. पहिल्या महिन्याला पांढरी, दुसऱ्याला पिवळी, तिसऱ्याला लाल अशी कोणतीही पद्धत चालेल. लवकर उगवलेली रोपे लवकर फुलावर येतात आणि पुढे उत्पन्नही जास्त देतात, असा नारळातला अनुभव आहे. उंच जातीत पाच महिन्यांनंतरही न उगवलेले नारळ काढून टाकावेत. उशिरा येईल म्हणून वाट पाहणे म्हणजे वाफा, पाणी आणि श्रम सर्वांत दुबळ्या रोपासाठी राखून ठेवणे.

पुढची पाहणी नवव्या महिन्यापासून बाराव्या महिन्यापर्यंत करावी. जमिनीलगत बुंध्याला दोरा गुंडाळून घेर मोजावा. वर्षाच्या रोपाचा घेर १० ते १२ सेंटिमीटर असला पाहिजे. पाने सहा ते आठ असावीत, नऊ महिन्यांच्या रोपाला किमान चार. तिसरी खूण म्हणजे पान विंचरल्यासारखे सुटणे. नारळाची पहिली पाने अखंड असतात आणि पुढची हळूहळू पात्यांत विभागतात. ज्या रोपाची पाने लवकर सुटतात, ते जोमदार असते. एकाच वयाची दोन रोपे समोरासमोर ठेवली, की उंच पण बारीक आणि बुटके पण बुंध्याला भरलेले यांतला फरक चटकन कळतो. नेहमी दुसरे घ्यावे. उंची हा निकष म्हणून मी अजिबात धरत नाही.

संकरित रोपांत आणखी एक चाळणी लागते. नारिंगी किंवा पिवळ्या ठेंगू माडावर उंच जातीचे पराग वापरून संकर केला असेल, तर खऱ्या संकरित रोपाचे देठ हिरवट तपकिरी निघतात. देठ आईसारखेच नारिंगी किंवा पिवळे असतील, तर ते रोप स्वपरागीकरणातून आलेले आहे. वाफ्यात उन्हात उभे राहून देठ पाहिले की फरक स्पष्ट दिसतो. मादी झाड हिरव्या ठेंगू जातीचे असेल तर ही रंगाची खूण मिळत नाही. तेव्हा जोम आणि बुंधा यांवरच निवड करावी लागते.

या सगळ्या चाळण्यांतून पेरलेल्या शंभर नारळांतून साठ-पासष्ट रोपे लावण्याजोगी उरतात. तेवढीच धरून आधीच हिशेब करावा. साडेसात मीटर अंतरावर हेक्टरी १७५च्या आसपास माड बसतात. मर भरून काढायला थोडी जास्त रोपे धरली, तर एका हेक्टरसाठी सव्वातीनशे तरी बियाणे नारळ पेरायला हवेत. कमी नारळ पेरले, की शेवटी खड्डे भरण्यासाठी टाकाऊ रोपे वापरण्याचा मोह होतो. काढून टाकलेली रोपे फुकटही कुणाला देऊ नयेत, कारण ती कुणाच्या तरी बागेत पन्नास वर्षे उभी राहतात.

पिशवीतली रोपे

अंकुरलेले नारळ पिशवीत हलवले, तर लावताना मुळे तुटत नाहीत, रोप थांबत नाही आणि फलधारणाही लवकर होते. ६० बाय ४५ सेंटिमीटरची, ५०० गेजची काळी पिशवी घ्यावी आणि खालच्या अर्ध्या भागात आठ-दहा भोके पाडावीत. भरण्यासाठी वरच्या थराची सुपीक माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत ३:१:१ प्रमाणात मिसळावे. पिशवी दोन तृतीयांश भरून नारळ कोंब वर ठेवून बसवावा आणि उरलेले मिश्रण कडेने दाबावे. वाहतूक जड होते हा एक तोटा आहे. शेत जवळ असेल तर त्याची पर्वा करू नये.

रोप काढणे आणि लावणे

वाफ्यातले रोप पाने किंवा बुंधा धरून कधीही ओढू नये. बाजूने खणावे, मुळे धारदार कोयत्याने कापावीत आणि नारळासकट उचलावे. कोंब आणि नारळ यांचा सांधा सैल झाला, तर रोप वरून हिरवे दिसते, पण खोबऱ्याशी त्याचे नाते तुटलेले असते. काढलेली रोपे सावलीत ठेवावीत आणि शक्य तितक्या लवकर लावावीत. पाणी साचणाऱ्या सखल जागेत मात्र दीड-दोन वर्षांची मोठी रोपे घ्यावीत, म्हणजे शेंडा पाण्याखाली जात नाही.

खड्डा एक मीटर लांब, रुंद आणि खोल असावा. तळाशी सोडणांचे एक-दोन थर पोकळ बाजू वर करून मांडले तर ओल टिकते. माती, शेणखत आणि वाळू यांनी खड्डा सुमारे अर्धा-पाऊण भरून मधे रोप लावावे आणि भोवतीची माती पायाने घट्ट दाबावी. बुंध्याचा गळा मातीत गाडू नये आणि पावसाने झावळ्यांच्या बगलांत आलेली माती काढत राहावी. रोप वाढेल तसा खड्डा भरत आणावा. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात सावली आणि दर चार दिवसांनी सुमारे ४५ लिटर पाणी द्यावे.

पूर्ण वाढलेल्या माडाची वर्षाची मात्रा ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश धरली, तर लावल्यावर तीन महिन्यांनी तिचा दहावा भाग द्यावा. दुसऱ्या वर्षी एक तृतीयांश, तिसऱ्या वर्षी दोन तृतीयांश आणि चौथ्या वर्षापासून पूर्ण मात्रा द्यावी. मेलेल्या किंवा खुरटलेल्या रोपाच्या जागी पहिल्या-दुसऱ्या वर्षातच नवे रोप लावावे. त्यासाठी राखून ठेवलेली रोपे त्याच पेरणीतली, पिशवीत वाढवलेली असावीत, म्हणजे नंतर लावलेले झाड शेजाऱ्यांच्या सावलीत मागे पडत नाही.